चिमण्या विमानांचे गाव : मन्सी

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाऊन आलेली आपली मंडळी नायगाराचा धबधबा पाहून येतात, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती पाहून येतात, आणि परत आल्यावर तिकडच्या थंडीच्या गोष्टी शेजाऱ्यापाजाऱ्यांस महिनाभर सांगतात. इंडियाना राज्यातील मन्सी हे गाव पाहून आल्याचे सांगणारे मात्र आम्हांस अद्यापि कोणी भेटले नाही. यात त्यांचा काही दोष नाही. या गावास समुद्र नाही, डोंगर नाही, की इतिहासप्रसिद्ध रणभूमी नाही. इंडियानापोलिस शहरापासून ईशान्येस मोटारीने तासाभराच्या अंतरावर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या अफाट शेतांमध्ये ते वसलेले आहे. हिमयुगातील बर्फाच्या थरांनी ही भूमी रगडून अशी सपाट केली आहे की, पोळपाटावर उभे राहिल्यासारखे वाटावे. चोहोंकडे क्षितिजापर्यंत दृष्टी पोहोचते आणि वर निम्मे जग आकाशाचेच असते.

या गावाची पहिली कीर्ती काचेच्या बरण्यांची. जमिनीतून निघणाऱ्या नैसर्गिक वायूच्या लोभाने बॉल नावाचे पाच बंधू १८८७ च्या सुमारास बफेलोहून आपला काचकारखाना घेऊन येथे आले, आणि फळे व भाज्या टिकविण्याच्या त्यांच्या बरण्या अमेरिकेतील घराघरांत गेल्या. येथील विद्यापीठासही त्याच बंधूंचे नाव आहे. पुढे वायू संपला. बरण्यांचा कारखानाही गेला. गावाची दुसरी कीर्ती आहे ती लहान विमानांची. तीसाठी आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून तेथे गेलो.

१९३६ साली स्थापन झालेली ‘अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स’ ही अमेरिकेतील विमान-प्रतिकृती उडविणारांची मध्यवर्ती संस्था. राजधानी वॉशिंग्टनच्या परिसरातून ती १९९० च्या दशकात मन्सीस आली. एक हजार एकरांहून अधिक मोकळी जमीन तिने येथे घेतली. तीत धावपट्ट्या आहेत, हिरवळीची मैदाने आहेत, आणि विमानांच्या प्रतिकृतींचे एक मोठे संग्रहालय आहे. १९२३ साली सेंट लुईस येथे प्रथम भरलेल्या राष्ट्रीय स्पर्धा आता दर उन्हाळ्यात येथे भरतात. एवढी जमीन खेळण्यांसाठी कशास, असा प्रश्न आमच्या मनात आला होता. तेथील आकाश पाहिल्यावर तो विरला. उडणाऱ्या वस्तूस जमीन लागते ती मुख्यतः पडण्यासाठी, आणि शिकणारास ती सर्वांत अधिक लागते.

खेळणे या शब्दानेही कोणी नाक मुरडू नये. मन्सीच्या दक्षिणेस, न्यू कॅसलजवळ मिलव्हिल म्हणून एक खेडे आहे. तेथे १८६७ साली विल्बर राइट यांचा जन्म झाला. १८७८ साली त्यांच्या वडिलांनी घरी येताना मुलांसाठी एक खेळणे आणले. बूच, बांबू आणि कागद यांचे ते होते, आणि रबराच्या पिळाने ते छतापर्यंत उडत असे. त्याचे मूळ आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाच्या कल्पनेत होते. याच पेनोने १८७१ साली पॅरिसच्या तुइलरी बागेत रबराच्या बळावर एक चिमुकले विमान सुमारे ४० मीटर उडवून दाखविले होते. विल्बर आणि धाकटा ऑर्व्हिल यांनी ते खेळणे मोडेपर्यंत खेळविले, आणि मोडल्यावर स्वतः तसलीच दुसरी करून पाहिली. १९०३ साली त्या दोघांनी काय केले ते शाळेतील मुलासही ठाऊक आहे. मुलांच्या हाती काय द्यावे याचा विचार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही लहानशी हकीकत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

रबराचे विमान एकदा हातातून सुटले की ते वाऱ्याचे झाले. त्यास मागे बोलावण्याची विद्या बिनतारी संदेशाच्या शोधानंतर आली. मिशिगनमधील कॅलमाझू येथील वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ. एकास विमानांचा नाद, दुसऱ्यास बिनतारी यंत्राचा. दोघांनी मिळून १९३७ साली आठ फूट पंखांचे ‘गफ’ नावाचे विमान जमिनीवरून हुकमात ठेवून उडविले आणि पुढल्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ते विमान आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. त्या काळचा हुकूम अगदी ओबडधोबड. बटण दाबले की सुकाणू एका बाजूस वळे, सोडले की सरळ होई, पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूस वळे. मागील दाबणे कोणत्या बाजूचे होते हे ज्याने लक्षात ठेवले त्याचे विमान घरी येई. आज हातात असतो तो पसरट पेटीसारखा ट्रान्समिटर. त्यावर दोन लहान दांड्या असतात. अमेरिकेत बहुधा डाव्या दांडीकडे इंजिनाचा वेग आणि सुकाणू, तर उजवीकडे नाक वर-खाली करणे आणि पंख कलविणे, अशी वाटणी असते.

जुन्या मैदानांवर आणखी एक मौज असे. दोघांचे ट्रान्समिटर एकाच लहरीवर चालू झाले तर आकाशातील विमान गेलेच म्हणून समजावे. म्हणून मैदानावर एक फळा लावलेला असे आणि प्रत्येक लहरीसाठी त्यावर एकेक चिमटा, आपण कपडे वाळत घालताना लावतो तसला. ज्याच्याजवळ चिमटा, त्यानेच पेटी चालू करावयाची. २००५ च्या सुमारास नव्या पद्धतीचे ट्रान्समिटर आले. ते आपली लहर आपणच शोधून घेतात, त्यामुळे चिमट्याची गरज उरली नाही. तथापि, आपली पाळी येईपर्यंत थांबण्याचे शिक्षण त्या चिमट्याने कित्येक पिढ्यांस फुकट दिले असले पाहिजे.

संग्रहालय पाहून झाल्यावर खरे पाहावयाचे राहिले होते ते शिकविणे. आमचा पुतण्या इंडियानापोलिसजवळ राहतो. त्याची तेरा वर्षांची कन्या, म्हणजे आमची नात, गेले काही महिने शनिवारी सकाळी तेथील एका हौशी मंडळाच्या मैदानावर हे उड्डाण शिकत असे. त्या देशाच्या नियमाप्रमाणे, हौसेने उडविणारासही सुरक्षिततेची एक लहानशी परीक्षा द्यावी लागते. २०२१ पासून ती घरबसल्या विनामूल्य देता येते. २५० ग्रॅमहून जड विमानाची नोंदणी करावी लागते, आणि विमान सदैव नजरेच्या टप्प्यात ठेवावे लागते. ही परीक्षा नातीने केव्हाच दिली होती. तिच्या आईची परीक्षा मात्र दर शनिवारी नव्याने होत असे; कारण फिरता पंखा बोट कापू शकतो हे सूनबाईंनी कोठेतरी वाचले होते, आणि ते खोटेही नव्हते.

मैदान म्हणजे कापलेल्या गवताची एक लांब पट्टी, पलीकडे सोयाबीनचे शेत, अलीकडे लाकडी टेबले आणि वाऱ्याची दिशा दाखविणारी एक कापडी नळी. शिकविणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शाळामास्तर. त्यांनी नातीस पहिला अर्धा तास विमान उडवू दिलेच नाही. तिने विमान दोन बोटांच्या टोकांवर पंखांखाली तोलून दाखविले. पंखाच्या पुढल्या कडेपासून रुंदीच्या पाव ते तृतीयांश अंतरावर त्याचा तोल राहिला पाहिजे. या खेळातील जुनी म्हण अशी की, नाक जड असलेले विमान वाईट उडते आणि शेपूट जड असलेले एकदाच उडते. मग दांडी उजवीकडे नेली असता उजव्या पंखाची झडप वर जाते की नाही ते तिने पाहिले. ट्रान्समिटर घेऊन दूर चालत गेली आणि तेथूनही विमान हुकूम ऐकते याची खात्री केली. हे सारे तिने मोठ्याने उच्चारीत केले. सोवळ्यातील स्वयंपाकात जशी क्रमाची चूक चालत नाही, तसाच हा प्रकार आम्हांस वाटला.

शिकाऊ विमान कसे असते तेही सांगितले पाहिजे. त्याचे पंख धडाच्या वर बसविलेले असतात आणि त्यांची टोके किंचित उचललेली असतात. त्यामुळे विमान एका अंगास कलले तरी, दांडी सोडून दिल्यास, पाळण्याप्रमाणे हळूहळू आपल्या जागी येते. ते संथ उडते. शिकणारास विचार करावयास वेळ देते. तरीही पहिल्या दिवशी प्रत्येकाची एक फजिती ठरलेली. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. ते वळून आपल्याकडे येऊ लागले की सारे उलटे, आरशात पाहून भांग पाडणाराची होते तशी गत. त्यावर मास्तरांचा तोडगा एका वाक्याचा होता : “जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूस दांडी ने, पडत्याला खांदा दे.” तसेच वेग मंदावून विमानाचे नाक खाली पडू लागले की मनुष्याचा हात आपोआप ते वर ओढू पाहतो, आणि त्यानेच विमान अधिक कोसळते. अशा वेळी नाक आणखी खाली करून आधी वेग मिळवावा लागतो. भीतीच्या क्षणी हात जे करू पाहतो त्याच्या उलट करावयास शिकणे, हा या विद्येचा गाभा आहे. पुस्तक वाचून तो येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. या शिक्षणात ट्रान्समिटर दोन असतात; एक गुरूच्या हाती, दुसरा शिष्याच्या. पूर्वी ते तारेने जोडीत, आता बिनतारी जोडतात. गुरूच्या पेटीवर स्प्रिंगची एक कळ असते. गुरूने ती बोटाने दाबून धरली म्हणजे विमान शिष्याचे. बोट उचलले की त्याच क्षणी गुरूचे. वाचकांनी या योजनेकडे जरा लक्ष द्यावे. सत्ता परत घेण्यास येथे काहीच करावे लागत नाही, नुसते बोट सुटले तरी ती परत येते. ती देण्यासाठी मात्र सतत, जाणूनबुजून, बोट दुखेपर्यंत कळ दाबून धरावी लागते. मास्तरांचे ते म्हातारे बोट आम्ही बराच वेळ पाहत होतो. विमान कलले, डुलले, एकदा सूर्याच्या बाजूस जाऊन क्षणभर दिसेनासे झाले. बोट पांढरे पडले, पण उचलले गेले नाही.

आपल्याकडे गुरुजी पाटीवर धुळाक्षरे गिरविताना मुलाचा हात धरीत. विहिरीत पोहावयास शिकविताना काका मुलाच्या पाठीस भोपळा बांधीत. हात आणि भोपळा दोन्ही आवश्यकच. पण हात केव्हा सोडावा आणि भोपळा केव्हा काढावा, यावरच सारी विद्या अवलंबून असते. आणि त्याचे उत्तर धरणारानेच द्यावयाचे असते. तो स्वतः भित्रा असेल तर मूल जन्मभर काठावरच राहते.

मास्तरांनी बोट न उचलण्याचे धैर्य आणले कोठून, असे आम्ही त्यांस विचारले. त्यांनी वर आकाशाकडे दाखविले. “ती दोन चुकांच्या उंचीवर आहे,” ते म्हणाले. या लोकांचा हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. विमान इतके उंच ठेवावयाचे की मुलाची एक चूक होऊन गेली, ती सुधारताना दुसरी झाली, तरीही खाली जमीन उरलेली असावी. म्हणजे गुरूचे काम चुका होऊ न देण्याचे नव्हे, तर चुकांस पुरेल एवढी उंची आधी मिळवून देण्याचे. उंची नसताना स्वातंत्र्य देणे हा हलगर्जीपणा. उंची असूनही न देणे हा धाक.

आमचा पुतण्या पेशाने अभियंता असून मुलीवर त्याचा फार जीव. तो तिच्या मागे उभा राहून “डावीकडे घे, डावीकडे! आता वर! अगं, वर!” असे सारखे सांगत होता. दुसरीकडून सूनबाई “जपून गं” म्हणत होत्या. आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही ओठांवर एकदोन सूचना येऊन ठेपल्या होत्या. नातीचे दोन्ही खांदे कानांपर्यंत चढले. मास्तरांनी विमान आपल्याकडे घेतले, उतरविले, आणि अत्यंत आदराने पुतण्यास म्हणाले, “साहेब, आपण आम्हा सर्वांसाठी कॉफी घेऊन याल का? एका विमानास एकच आवाज ऐकू येतो.” पुतण्या हसला आणि गेला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आम्हांस ते वाक्य चांगलेच झोंबले. आपल्या घरांत एका मुलास वाढविण्यास सहासात मोठी माणसे असतात, आणि हे आपल्या घरांचे भाग्यच आहे. पण परीक्षेच्या सकाळी सहाही जण एकदम शिकवू लागले की त्या मुलास स्वतःचा आवाज ऐकू येईनासा होतो. वडीलधाऱ्यांचे प्रेम असावे; पण अशा वेळी एकाने बोलावे आणि बाकीच्यांनी कॉफी आणावयास जावे.

हल्ली अशीही शिकाऊ विमाने मिळतात की ज्यांत तोल सांभाळणारे यंत्र बसविलेले असते. दांडी सोडली की ते विमानास आपण होऊन सरळ करते आणि फार कलूच देत नाही. मास्तर पहिले दोनचार दिवस त्याचा उपयोग करतात, म्हणजे मुलाची धास्ती मोडते. त्यानंतर ते बंद करतात. त्यांचे म्हणणे असे की, त्या यंत्रात चूक होत नाही, म्हणून चुकीतून सुटणेही येत नाही. आणि एखाद्या दिवशी यंत्र बिघडले म्हणजे मुलाजवळ काहीच शिल्लक राहत नाही.

कॉफी आली तोवर नातीने आठाच्या आकड्याची आठदहा वेटोळी घेतली होती. मग मास्तर एक शब्दही न बोलता आपली पेटी टेबलावर ठेवून आले आणि तिच्याजवळ हाताची घडी घालून उभे राहिले. तिला ते कळले. सूनबाईंनी पदर नसताना पदर सावरल्यासारखे केले. विमान वाऱ्याच्या तोंडास आले, उतरू लागले. उतरणे हाच या विद्येतील सर्वांत कठीण भाग आहे; कारण तेथे दोन चुकांची उंची उरत नाही, एका चुकीचीही नाही. पहिल्या खेपेस वेग अधिक राहिला. विमान पट्टी ओलांडून सोयाबीनमध्ये शिरले आणि पंख्याचे एक पाते तुटले. कोणी रागावले नाही. मास्तरांनी तिला एवढेच विचारले, “तुला काय दिसले?” ती म्हणाली, “मी वेग उशिरा कमी केला.” “मग आता?” “आता पलीकडच्या झाडाजवळूनच करीन.” पाते बदलण्यास पाच मिनिटे लागली. दुसऱ्या खेपेस विमान पट्टीच्या मधोमध टेकले, दोनदा उसळले आणि थांबले. आमच्या पुतण्याच्या हातातील कॉफी केव्हाच निवली होती.

या छंदाची वयोमर्यादा खालच्या बाजूस नाही तशी वरच्या बाजूसही नाही. मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थांनी २००३ च्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडहून सोडलेले अकरा पौंडांहूनही हलके विमान ३८ तास ५२ मिनिटांत अटलांटिक महासागर ओलांडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. त्या वेळी हिल यांचे वय ७७ होते आणि दृष्टी जवळजवळ गेलेली होती. मधला प्रवास विमानातील यंत्राने सांभाळला असला तरी ते घडविले हिल यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी. ते त्या मालिकेतील पाचवे विमान; आधीचे प्रयत्न फसले होते. चुकांस पुरेल एवढी उंची ज्याने स्वतःस आयुष्यभर दिली, त्याचेच हे काम.

हे सारे अमेरिकेचे, आमच्या मुलांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेत विमान-प्रतिकृती बनविणे आणि उडविणे हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. २०२१ च्या ड्रोन नियमावलीप्रमाणे, दोन किलोपर्यंतचे विमान धंद्यासाठी नव्हे तर हौसेने उडविणारास वैमानिकाचा परवाना लागत नाही. मात्र कोणत्या भागातील आकाश मना आहे ते सरकारी नकाशावर आधी पाहिलेच पाहिजे, आणि विमानतळाच्या आसपास किंवा गर्दीवर उडविण्याचा विचारही करू नये.

ज्यांस एवढा खर्च करावयाचा नाही त्यांनी थर्माकोलच्या पातळ तुकड्याचे, हाताने फेकावयाचे विमान करून पाहावे. नाकास चिकणमातीचा लहान गोळा लावावा, विमान फेकावे; नाक आपटले तर गोळा लहान करावा, वर उचलून मागे पडले तर मोठा करावा. तोल म्हणजे काय ते मुलास पंधरा मिनिटांत कळेल. संक्रांतीस पतंग उडविणाऱ्या मुलास ढील देणे ठाऊक असतेच. येथे मांजा दिसत नाही एवढाच फरक. गच्चीवर उभे राहून सूचना देणाऱ्या आपणा मोठ्या मंडळींनी त्या दिवशी फिरकी धरावी, मुलाने मागितला तेवढा मांजा सोडावा, आणि पतंग कटला तर मुलास फक्त विचारावे की, तुला काय दिसले.